पांढरा की तांबडा

मिठाचं बरं असतं हो, जास्त झालं की जिभेला कळतं. या फॉस्फरसला ना चव ना वास, पाकिटावर साखर, सोडियम, फॅट सगळं छापतात आणि हा सहसा गायब, दिसतो तो थेट रिपोर्टात. माझा आला ६.१, नॉर्मल साधारण २.५ ते ४.५. किडनी थकली की हा रक्तात साठतो, मग हाडातलं कॅल्शियम ओढलं जातं आणि अंगाला अशी खाज सुटते की ठाणे स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या लाइनीत उभा असताना मी पाठ घासायला बरासा खांब शोधत असतो.

डाएटिशियन माझ्या मुलीच्या वयाची. तिने हसतहसत एकेक नाव खोडलं, शेंगदाणे, तीळ, काजू-बदाम, पनीर, खवा, सुका जवळा, दूध मोजून. म्हणजे जे खात नाही म्हणून आईने धपाटे घातले ते सगळं बंद, आणि नुसता पांढरा भात गिळतो म्हणून घातले तो चालेल! अंड्याचं पांढरं खा, बलक नको. बलक आता ही खाते, माझ्यासमोर, मीठमिरी लावून. आणि दाण्याचं कूट वगळून मराठी स्वयंपाक करून दाखवाच कोणीतरी, कुटाशिवायची साबुदाणा खिचडी एकमेकांना अशी चिकटून बसते की चतुर्थीचा उपास बघूनच घडतो.

वरण मात्र सोडू नका, बेताने घ्या म्हणाली. डाळीतला फॉस्फरस फायटेट नावाच्या, आपल्याला नीट न पचणाऱ्या रूपात अडकलेला, त्यातला निम्मा-शिम्मा अंगात जातो. कारखान्यात घालतात ते फॉस्फेट मात्र जवळजवळ सगळं शोषलं जातं, आणि पाकिटावर ते नंबर लावून बसलेलं असतं, ३३८ ते ३४१, नाहीतर ४५० ते ४५२. कोल्यात ३३८. म्हणून परवा नौपाड्यातल्या दुकानात चीजचा डबा मोबाइलच्या टॉर्चखाली धरून, चष्मा कपाळावर सरकवून वाचत होतो तर पोरगा आला.

"काका, एक्सपायरी बघताय का? ताजा माल आहे."

"नाही रे, ३३९ शोधतोय."

"तेवढ्यात नाही येणार काका, छोटा पॅक बघा."

शिवाय गोळी. ती जेवणाबरोबरच घ्यायची, कारण ती पोटात अन्नातल्या फॉस्फरसला धरून ठेवते, जेवण उरकल्यावर घेऊन काय उपयोग. लग्नाच्या बुफेत एका हातात ताट, दुसऱ्यात पाण्याचा ग्लास, आणि गोळी शर्टाच्या खिशात, ती काढायला तिसरा हात कुठून आणायचा? शेवटी एका रिटायर्ड सायन्स मास्तरांच्या हातात ताट दिलं.

"शुगर का?"

"नाही सर, फॉस्फरस वाढलाय."

त्यांनी माझ्याकडे नीट निरखून बघितलं. "पांढरा की तांबडा?"

म्हटलं सर, उघड्यावर उभा आहे आणि अजून पेट घेतलेला नाही, तांबडाच असावा.