वर्षाला किती बायपास करता, आणि त्यातले किती पेशंट घरी जातात?

गेल्या वर्षी बाबांच्या अँजिओग्राफीत तीन ब्लॉकेज निघाले. बायपास, तीही पंधरा दिवसांच्या आत. त्या रात्री दादा, वहिनी आणि मी मोबाइल घेऊन बसलो, पुण्याहून काका फोनवर. चार हॉस्पिटलांच्या वेबसाइट चाळल्या. खोल्यांचे फोटो होते, कॅशलेस कंपन्यांची यादी होती, बऱ्या झालेल्या पेशंटचे व्हिडिओ होते. ऑपरेशननंतर किती माणसं दगावतात, हे एकाही ठिकाणी नव्हतं. दादाने दुसऱ्या दिवशी एका काउंटरवर सरळ विचारलं, तर त्याच्यापुढे पॅकेजचा कागद आला.

शेवटी काकांच्या ओळखीतल्या कुणाचं तरी ऑपरेशन 'छान झालं होतं' तिथे बाबांना नेलं. बाबा आता रोज सकाळी शिवाजी पार्कला फेरी मारतात. पण त्यांचा जीव आम्ही ऐकीव माहितीवर सोपवला होता, हे मला अजून सलतं.

महाराष्ट्रात २०२१च्या नर्सिंग होम नियमांनी पेशंटच्या हक्कांची सनद आणि दरपत्रक लावणं बंधनकारक केलं. चांगलंच झालं. पण दर कळून काय करायचं, निकाल कळत नसतील तर?

न्यूयॉर्क राज्याने १९८९पासून बायपासच्या मृत्यूंची नोंद गोळा केली आणि हॉस्पिटलवार आकडे लोकांपुढे ठेवले. सर्जनवार आकडे मात्र १९९१मध्ये एका वर्तमानपत्राने कोर्टात जाऊन मिळवले. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांत मृत्यू जास्त होतात, हे आतल्या लोकांना दिसत होतं. आईबापांना ते फार उशिरा कळलं. २००१च्या चौकशी अहवालाने १९९१ ते १९९५मधले वर्षाच्या आतल्या बाळांचे ३० ते ३५ मृत्यू इतर ठिकाणांच्या मानाने जादाचे ठरवले.

असे आकडे जाहीर करा म्हटलं की माझी एक डॉक्टर मैत्रीण चिडते आणि तिचं म्हणणं मला पटतं. केईएम, सायनसारख्या मुंबई पालिकेच्या हॉस्पिटलांत पेशंट कुठून येतात? दुसरीकडे पैसे संपल्यावर, किडनी बसल्यावर, रात्री दोन वाजता अॅम्ब्युलन्समधून. नुसती टक्केवारी लावली तर सगळ्यात अवघड केसेस घेणारेच सगळ्यात वाईट दिसतील. मग अवघड पेशंटला हात कोण लावणार? म्हणूनच न्यूयॉर्कमध्ये वय, हृदयाचं पंपिंग, किडनीची अवस्था धरून हिशेब करतात, आणि हृदय कमजोर पडून रक्तदाब कोसळलेले, म्हणजे शॉकमध्ये आलेले पेशंट पुढे त्यातून वेगळे काढले. आकडा लहान असला तरी फसगत होते. वर्षाला ३० ऑपरेशनं होतात तिथे एक मृत्यू इकडेतिकडे झाला की टक्केवारी तीनहून जास्त हलते. त्यामुळे तीन वर्षांचे आकडे एकत्र द्या, किती ऑपरेशनं केली तेही लिहा, पेशंट कोणत्या अवस्थेत आले तेही मराठीत समजावून सांगा. माझी मागणी एवढीच आहे. आमच्या वहिनीला बँकेचं व्याज कळतं, तिला हेही कळेल.

पुढच्या महिन्यात आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. प्रश्न मी वहीत लिहून ठेवलेत: वर्षाला किती गुडघे बदलता, किती जणांना इन्फेक्शन झालं, किती जणांना पुन्हा टेबलवर घ्यावं लागलं. उत्तर लेखी मागणार आहे. ज्यांना कुणाला असं उत्तर मिळालं असेल त्यांनी कृपया इथे लिहा.