खुलासा : पिशवी पिळल्याने बिअर तुरट होत नाही

ऑस्ट्रेलियातील घरगुती बिअर बनवणाऱ्यांनी रूढ केलेल्या ‘ब्रू इन अ बॅग’ पद्धतीत, भरडलेल्या माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) पिशवी गरम पाण्यातून काढून पिळली की धान्याच्या सालीतले टॅनिन हे तुरट द्रव्य उतरून बिअर तुरट होते, असे नवशिक्यांना बजावले जाते; ते बरोबर नाही. टॅनिन सुटते ते मिश्रणाचा सामू (आम्लता दाखवणारा pH) ६ च्या आसपास किंवा वर गेला आणि तापमानही ७७ अंश सेल्सिअसच्या पुढे चढले, तर. हाताच्या दाबाने नव्हे. साधारण ६७ अंशांवर तासभर मुरलेल्या माल्टचा सामू सहसा ५.२ ते ५.६ असतो, म्हणून जाड हातमोजे घालून पिशवी निःशंकपणे पिळावी. शेवटी ओघळणारा तो गोड, चिकट रस वाया घालवणे हेच खरे नुकसान. मात्र पिशवी आत असताना पाणी उकळू देऊ नये.