टोल भरा आणि टोलवाटोलवी बघा

रस्त्याला हातभर खड्डे, निम्मे दिवे बंद, पण टोल मात्र ठरल्या तारखेला वाढतो. ती तारीख कधी चुकत नाही! तक्रार केली की सरकारी खातं म्हणतं, देखभाल टोल वसूल करणाऱ्या खासगी कंपनीकडे आहे, त्यांना विचारा. कंपनी म्हणते, आम्ही करारानुसारच चाललोय, सरकारला विचारा. बरं बाबा, मग तो करार तरी दाखवा. तर तो गोपनीय! पैसा आमचा, जमीन आमची, मणके आमचे खिळखिळे होणार, आणि कागद आम्हीच बघायचा नाही?

कंपनी नफा कमावते याचा मला राग नाही. ती काय धर्मादाय संस्था आहे? राग आहे तो सरकारचा. कोनशिला बसवली, फीत कापली, की यांच्या लेखी काम संपलं. अहो, खरं काम तर तिथून पुढची वीस-तीस वर्षं असतं! गाड्या किती गेल्या, वसुली किती झाली, हे मोजतं कोण? कंपनीच. ते आकडे ताडून बघतं कोण? देव जाणे.

दिल्ली–नोएडा उड्डाणमार्गाचंच घ्या. करार १९९७ चा. कंपनीला प्रकल्पखर्चावर वर्षाला २० टक्के परतावा, आणि एखाद्या वर्षी तेवढा नाही सुटला तर तूट पुन्हा खर्चातच मिळवायची! म्हणजे लोक टोल भरत राहणार आणि वसूल व्हायची रक्कम फुगतच जाणार. यावर सह्या करणाऱ्यांना शाळेतलं चक्रवाढ व्याज येत नव्हतं म्हणता? मला नाही पटत. टोल थांबला तो २०१६ मध्ये, अलाहाबाद उच्च न्यायालयामुळे, आणि तेही रहिवासी कोर्टात गेले म्हणून. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केलं. तोवर देखरेखवाले काय झोपले होते?

आणि हे आपल्याकडेच होतं असंही नाही. शिकागोने २००८ मध्ये शहरातले पार्किंग मीटर तब्बल ७५ वर्षांसाठी खासगी कंपनीला देऊन टाकले, सुमारे ११५ कोटी डॉलरला. नगरसेवकांनी काही दिवसांतच मंजुरी देऊन टाकली. पुढच्याच वर्षी शहराच्या महानिरीक्षकांनी, म्हणजे पालिकेचा कारभार तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी, हिशेब मांडला, तर किंमत ९० कोटींहून जास्त डॉलरने कमी घेतलेली! वर, शहराने स्वतःचाच रस्ता एखाद्या कार्यक्रमासाठी बंद ठेवला तर मीटरच्या बुडालेल्या पैशाची भरपाई कंपनीला द्यायची. हे कलम वाचून मी अक्षरशः कपाळाला हात लावला.

ही झाली पैशाची गोष्ट. १४ ऑगस्ट २०१८ ला इटलीत जेनोआचा मोरांडी पूल कोसळला, ४३ माणसं गेली. महामार्ग खासगी कंपनीकडे होता आणि पुलाची तपासणी करणारी कंपनी त्याच उद्योगसमूहातली! मंत्रालय होतं की वर बसलेलं, देखरेखीला.

म्हणून ते ‘कंपनीचं काम तपासणाऱ्या स्वतंत्र अभियंत्याचा अहवाल समाधानकारक आहे’ वगैरे मला ऐकवू नका. त्या अभियंत्याला नेमलं कुणी, त्याचं बिल कोण भरतं, ते आधी सांगा. आणि अख्खा करार सगळ्या परिशिष्टांसकट संकेतस्थळावर टाका. खर्च किती, आजवर वसूल किती, उरला किती, हे नाक्यावरच्या फलकावर दर महिन्याला लिहा. त्या फलकावर हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो लावायला जागा बरी सापडते!