हॉस्पिसची इमारत म्हणजे चैन? एकेक मुद्दा बघू

‘मरणाच्या दारातल्या माणसाला बाग न् कारंजी कशाला? चार भिंती आणि पंखा पुरे, उरलेले पैसे आयसीयूला द्या.’ हॉस्पिसबद्दल, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांना शेवटच्या काळात सांभाळणाऱ्या केंद्राबद्दल, या आशयाचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून फिरतो आणि लोक माना डोलावून पुढे ढकलतात.

‘चार भिंती पुरे.’ अहो, अंथरुणाला खिळलेल्याला भिंती दिसतात कुठे? त्याला दिसतं छत, आणि डोळ्यांवर येणारी ट्यूबलाइट. खिडकीचा कट्टा साडेतीन फुटांवर असेल तर उशीवरून जेमतेम आभाळाचा तुकडा दिसतो. तोच दोन फुटांवर घेतला की झाड, अंगण, येणारी-जाणारी माणसं दिसतात. यात खर्च तो काय? नकाशा काढणाऱ्याने एकदा आडवं पडून बघायचं, एवढंच. दार रुंद ठेवलं आणि उंबरा काढला, तर पलंग ढकलत थेट व्हरांड्यात नेता येतो.

आणि वास. याबद्दल कोणी बोलत नाही. आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण भरपूर. जखम चिघळली की घरचेसुद्धा लांब बसायला लागतात, आणि रुग्णाला ते कळतं. तिथे फिनाइलने भागत नाही, आरपार वारा खेळणारा वॉर्डच लागतो.

बंगळुरूचं ‘करुणाश्रय’ हे हॉस्पिस बघा. वास्तुरचनाकार संजय मोहे. दगडी भिंती, मधोमध पाणी, भोवती वॉर्ड. 1999 पासून तिथे रुग्णांची सेवा मोफत चालते. याला पंचतारांकित म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

‘इमारतीने दुखणं कमी होत नाही.’ संशोधक रॉजर उलरिच यांनी 1984 मध्ये ‘सायन्स’ या संशोधनपत्रिकेत अमेरिकेतल्या एका रुग्णालयाची पाहणी छापली. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले 46 रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीबाहेर झाडं, निम्म्यांच्या विटांची भिंत. झाडंवाल्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली आणि ते लवकर घरी गेले. ते रुग्ण बरे होणारे होते, त्यामुळे दाखला फार ताणू नये. मॉर्फिनची जागा खिडकी घेईल असं कोणी म्हणतही नाही.

‘नातेवाईक तिथे टाकून जातात.’ पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचं असंच केंद्र 1997 पासून आहे. तिथे रुग्णासोबत घरचं माणूस राहतं आणि शुश्रूषा शिकून घेतं. म्हणून तर सोबतच्या माणसाची झोपायची जागा आधीपासून नकाशात धरावी लागते.

‘पैसे आयसीयूला द्या.’ आजार बरा होण्यापलीकडे गेलेल्याला तिथे मिळतात नळ्या, मॉनिटरची पीं-पीं आणि ठरल्या वेळी एकेकाने डोकावून जाणं. सन्मानाने मरणं हा राज्यघटनेच्या कलम 21 खालचा हक्क असल्याचं सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये मान्य केलंय. शिवाय आयसीयूतला तो बेड असा अडला, की जो खरोखर वाचू शकतो तो कॅज्युअल्टीत ताटकळतो.