माळ्याची घरपट्टी

घरपट्टीची नोटीस आली तेव्हा मी आधी पत्ता तपासला. नाव माझंच, सांगलीतला गावभागही आमचाच. घर मात्र दुमजली! आमच्या घरावर आहे तो माळा. उभं राहिलं की डोकं वाशाला आपटतं, बसलं की शिंका सुरू.

करयोग्य मूल्य म्हणजे काय, ते शेजारच्या काकांनी समजावलं. घर भाड्यानं दिलं तर वर्षाचं भाडं किती येईल, त्यातून दुरुस्तीचे 10 टक्के वजा. म्हणजे न ठेवलेल्या भाडेकरूच्या न मिळालेल्या भाड्यावर कर. आमच्याकडं राहून गेलेली भाडेकरीण एकच, कृष्णामाई. 2005, 2019, 2021. न विचारता येते, भाडं देत नाही, जाताना खोल्याभर गाळ ठेवून जाते. त्या 10 टक्क्यांत तिचा एक कोपराही धुऊन होत नाही.

हरकत घेतली. सुनावणी 11 वाजता, साहेब 1 वाजता. तोवर बाकावर भडंगाची पुडी फिरली. शेजारच्याच्या गोठ्याची 'खोली' झाली होती. म्हशीला अजून सांगितलं नव्हतं म्हणे.

"वर काय वापर आहे?" साहेबांनी विचारलं.

"अडगळ, साहेब. आणि पुरात सामान. आयर्विन पुलाजवळ 40 फूट पाणी झालं, इशारा आला, की गव्हाची पोती वर. 45 फुटांना धोक्याची पातळी, तेव्हा टीव्ही वर. मग आई."

"आणि तुम्ही?"

इथं गप्प बसायला हवं होतं. पण 2019 चा विषय निघाला की सांगलीकराच्या तोंडाला कुलूप लागत नाही. "आम्ही सगळेच होतो की! चार दिवस. स्टोव्ह वर नेलेला. आमटी-भात केला, शेजाऱ्यांनाही दिला."

क्लार्कनं मान वर न करता लिहिलं, "निवासी वापर. स्वयंपाकघरासह."

निकाल मान्य नसेल तर कोर्टात अपील करता येतं, हे त्यांनी आपुलकीनं सांगितलं. फक्त आधी मागणीची सगळी रक्कम भरायची.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिनं निवडायचं ताट बाजूला ठेवलं.

"दोन मजल्यांचे पैसे भरणारच आहेस, तर यंदा पावसाळ्याआधी वर एक संडास बांधून घे. मागच्या वेळी त्याचीच फार अडचण झाली."