सल्ले फुकट, कागद विकत

घरच्या पुरणपोळ्या विकायचं ठरवलं आणि अख्खं रामबाग सल्लागार झालं! काका म्हणे, "अगं, इंदुरात पोहे-जिलबी सोडून काय खपणार?" आत्या म्हणे, "सराफ्यात गाडी लाव." रात्री? तिथे सोन्याची दुकानं बंद झाल्याशिवाय खाण्याच्या गाड्या लागत नाहीत, आणि मला पहाटे पाचला पुरण शिजवायचंय! कामाचं मात्र कुणी बोलेना. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, ऑनलाइन, चक्क फुकट; पण एजंटानं दीड हजार उकळल्यावर सगळे म्हणे, "आम्हाला विचारायचंस ना." मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतच्या शिशु कर्जाला तारण लागत नाही, तरी बँकेतले साहेब विचारतात, "घर कुणाच्या नावावर?" उद्घाटनाला हीच मंडळी येणार. पोळ्या फुकट, वर तूप वेगळं.