अँडोव्हरची टेकडी आणि भाच्याचं हमीपत्र

मागच्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर दादाने एका हमीपत्राचा फोटो टाकला. भाच्याच्या वसतिगृहाचं. 'कोणत्याही आंदोलनात, सभेत वा सह्यांच्या मोहिमेत भाग घेणार नाही.' मुलांनी मेसच्या जेवणाबद्दल निवेदन दिलं, त्यानंतरचं हे. दादाने सही करून टाकली. "शिकायला पाठवलंय, मोर्चे काढायला नाही." आत्यापासून काकांपर्यंत सगळ्यांनी अंगठे वर केले.

मी बॉस्टनच्या उत्तरेला राहते. अँडोव्हरची फिलिप्स अकॅडमी इथून जवळच. १७७८ मध्ये स्थापन झालेली निवासी शाळा. १८३५ मध्ये जॉर्ज थॉम्प्सन हे ब्रिटिश वक्ते अँडोव्हरला गुलामगिरीविरुद्ध बोलून गेले आणि शाळेतल्या मुलांना आपलंही गुलामगिरीविरोधी मंडळ असावंसं वाटलं. शाळेने मनाई केली. सुमारे पन्नास मुलांनी शाळाच सोडली.

आदल्याच वर्षी सिनसिनाटीच्या लेन सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेत, विद्यार्थ्यांनी याच प्रश्नावर अठरा रात्री चर्चा केली होती. जेम्स ब्रॅडली हा स्वतःची किंमत मोजून गुलामीतून सुटलेला विद्यार्थीही तिथे बोलला. नदीच्या पलीकडे केंटकी राज्य, आणि तिथे माणसं विकणं कायदेशीर. विश्वस्तांनी विद्यार्थ्यांच्या मंडळावर बंदी घातली, तेव्हा बहुतेक विद्यार्थी बाहेर पडले. त्यातले बरेच ओबर्लिन कॉलेजात गेले, पण काळ्या विद्यार्थ्यांनाही प्रवेश मिळाला पाहिजे या अटीवर.

शाळेत मुलांनी लॅटिन-ग्रीक शिकावं, वादात पडू नये, हे म्हणणं वरवर समंजस वाटतं. पण अँडोव्हरच्या शेजारी लोवेलच्या गिरण्या होत्या आणि त्यांत येणारा कापूस दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला होता. गप्प राहिल्याने कोणाचं तरी नीट चाललं होतं. म्हणून 'विद्यार्थ्यांनी राजकारण करू नये' हे वाक्य मला कधीच तटस्थ वाटत नाही. महाराष्ट्रात १९९४ च्या कायद्याने महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका बंद झाल्या, २०१६ च्या कायद्याने पुन्हा दार उघडलं, तरी २०१९ मध्ये त्या पुढे ढकलल्याच गेल्या. दादाची पिढी मतदान न करताच कॉलेजातून बाहेर पडली.

अँडोव्हरच्याच टेकडीवरच्या धर्मशास्त्राच्या सेमिनरीत शिकलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल न्यूएल १८१३-१४ च्या सुमारास मुंबईला पोचले. त्यांच्या अमेरिकन मराठी मिशनचं नियतकालिक 'ज्ञानोदय'. त्यातच १८५५ मध्ये मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतल्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध छापून आला. शाळेतल्या मुलीने लिहिलेला! तिला कोणी 'आधी अभ्यास कर' म्हटलं असतं तर? पुढे १८७३ मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना मुक्त केल्याबद्दल. त्या कौतुकात अँडोव्हरच्या मुलांचा वाटा मला दिसतो.

दादाची भीती मात्र मला खोटी म्हणवत नाही. शाळा सोडून गेलेल्या मुलांपैकी लेनवाल्यांना ओबर्लिन मिळालं. भाच्याचं नाव कटलं तर त्याला कुठलं ओबर्लिन? शेत गहाण टाकून फी भरलीय. आणि इथेही २०२५ मध्ये आंदोलनांमुळे परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झाले. माझ्या ओळखीची मराठी पोरं तेव्हापासून फलक हातात घ्यायच्या आधी दहादा विचार करतात. म्हणून बोलण्याची किंमत मुलांनी एकट्याने भरू नये, एवढंच मी दादाला फोनवर म्हटलं. सही केली असलीस तरी प्राचार्यांना भेटायला जा, बाकीच्या पालकांना घेऊन जा. मुलं बरोबर बोलत असतील तर त्यांच्या बाजूला उभा राहा.

दादा गप्प होता. रात्री भाच्याने मला त्या निवेदनाचा फोटो पाठवला. वरणात अळ्या निघाल्याच्या तारखा, वार, सगळं व्यवस्थित लिहिलंय. शेवटी 'आपले आज्ञाधारक विद्यार्थी', आणि खाली त्रेसष्ट सह्या.